मापाची गाडी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या वाटा आज नांगराखाली गेल्या आणि त्या वेळचे नांगर मातीत गेले. मुलांनो ऐका, आणि मुलांच्या मागे बसून न ऐकल्यासारखे करणाऱ्या थोरांनो, तुम्हीही ऐका.

एका डोंगराच्या अलीकडे एक गाव होते आणि पलीकडे एक गाव होते. मध्ये खिंड होती. खिंडीतून गाडीवाट जाई. पावसाळ्यात दरड कोसळून ती बंद होई आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा मोकळी होई.

अलीकडच्या गावात एक विणकर राहत असे. हात असा, की त्याने विणलेले लुगडे पाण्यात टाकून काढले तरी काठ सरळ राही. मापाशिवाय तो धागा तोडत नसे. दिवसभर तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे. त्याच्या पाठीमागे बसून त्याची बायको हौसा चरख्यावर सुताच्या कांड्या भरी. वर्षानुवर्षे दोघांचे बोलणे असेच चाले. तो पुढे बघून बोले, ती मागून उत्तर देई. तिचा चेहरा न बघताही तिच्या चरख्याच्या आवाजावरून तो सांगे, "आज तुझं मन थाऱ्यावर नाही." आणि ते खरे निघे.

हौसाचे माहेर पलीकडच्या गावात, तळ्याच्या काठी होते. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरल्या बहिणीने तिला वाढवले, न्हाऊ घातले, लग्न लावून खिंडीपर्यंत पोचवले. त्या बहिणीला हौसा आक्का म्हणे. दर साल सुगी आटोपली की हौसा पायी खिंड ओलांडून आक्काकडे जाई आणि चार दिवस राहून येई.

एका वर्षी हौसाच्या पायांतली शक्ती गेली. आधी उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागली, मग अंगणात जाताना नवऱ्याचा खांदा. थोडे चालले तरी धाप लागे. वैद्य आला, नाडी धरून बसला आणि जाताना काढ्यापेक्षा विश्रांतीचेच जास्त बोलला. वैद्य असे बोलू लागले की घरच्यांनी समजायचे असते.

त्याच सुमारास आठवड्याच्या बाजाराला आलेल्या पलीकडच्या गावच्या कासाराने घरी येऊन आक्काचा निरोप सांगितला. "आक्का म्हणाल्या, डोळ्यांपुढं धुकं येतंय. माणूस दिसतं, पण नाक-डोळे दिसत नाहीत. म्हणाल्या, हौसाला सांग, मला तुझं तोंड ओळखू येतंय तोवर ये."

हौसा हसली. म्हणाली, "झालं! तिचे डोळे चालले, माझे पाय गेले. दोघींचं मिळून एक माणूससुद्धा धड होत नाही." आणि मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला एकदा आक्काला तोंड दाखवायचं आहे. पायी तर आता होणार नाही. काही तरी करा."

विणकर मागावरून उठला. म्हणाला, "तुझ्यासाठी गाडी घेतो."

त्या गावच्या वेशीजवळ एक सुतार होता. चार गावांत त्याच्या गाड्या चालत. त्याची एक रीत होती, आणि ती त्याच्या आज्यापासून चालत आली होती. ज्याच्यासाठी गाडी घडवायची, त्याला तो आधी घोंगडीवर बसवी आणि सुताने त्याचे माप घेई. बैठक केवढी, पाठ किती उंच, पाय कुठे टेकतील, सगळे. मग ते सूत गाडीच्या कठड्याला बांधून ठेवी. गाडी पुरी झाली, की ज्याचे माप त्याने पहिल्यांदा गाडीत बसायचे आणि आपल्या हाताने ते सूत सोडायचे. त्याआधी त्या गाडीत कुणी बसत नसे.

पण घडवून घेतलेली प्रत्येक गाडी नेली जातेच असे नाही. कुणाचे लग्न मोडे, कुणी गाव सोडून जाई, कुणी या लोकातूनच जाई. अशा राहिलेल्या गाड्या सुताराच्या छपरीत उभ्या असत. प्रत्येकीच्या कठड्याला कुणा ना कुणाचे सूत. कुणाला घाई असली की तो त्यांतली एक निवडी. सुतार जुने सूत सोडून ओढ्यात टाकी, आणि नवा धनी त्याच दिवशी बैल जुंपून गाडी घरी नेई.

विणकराच्या शेजारी एक तेली होता. त्याची गाडी अशीच छपरीतली होती. ती कुणा एका अवाढव्य वैद्याच्या मापाने घडलेली. वैद्याला राजाचे बोलावणे आले, तो हत्तीवरून गेला आणि गाडी राहिली. तेली काटकुळा. गाडीत बसला, की वळणावर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत घसरत जाई. लोक हसत. तेली म्हणे, "हसा, हसा. तुम्ही गाडीत बसून जाता. मी गाडीतल्या गाडीत फिरूनसुद्धा येतो."

तर विणकराने तेल्याचीच गाडी मागून घेतली, हौसाला तिच्यात बसवले आणि दोघे सुताराकडे गेले.

सुतार छपरीतून बाहेर आला. हौसाला बसायला त्याने चौरंग दिला. पण हौसा चौरंगावर बसली नाही. नवऱ्याचा खांदा धरून ती हळूहळू छपरीतल्या गाड्या बघू लागली. एका पिंगट रंगाच्या लहान गाडीपाशी ती थांबली आणि कठड्यावर हात ठेवून उभी राहिली.

"ही कुणाची हो, सुतारबाबा?"

"एका नवरीची होती, बाई. सोयरीक मोडली. गाडी चांगली आहे. चाकं मुरलेली आहेत."

हौसा नवऱ्याकडे वळली. "हीच घेऊ या."

विणकराने गाडी बघितली. त्याचे डोळे मापाचे. त्याला लगेच दिसले, की बैठक हौसासाठी चार बोटे जास्त आहे, पाठ थोडी बुटकी आहे आणि कठड्याच्या लाकडात एक गाठ आहे. तो म्हणाला, "बैठक मोठी होते तुला. चार बोटं."

"चार बोटांत मी काय हरवणार आहे?" हौसा म्हणाली.

"आणि मोडलेल्या सोयरिकीचं सूत बांधलंय तिला."

"ते सुतारबाबा ओढ्यात टाकतील. सूत सोडलं की गाडी बसणाऱ्याची."

विणकराने कठड्यावरची गाठ चाचपली. त्याच्या मनात होते, की आयुष्यभर हिने माझ्या पाठीमागे बसून कांड्या भरल्या. गावच्या बायकांना मी काठ विणून दिले आणि हिला नेहमी उरलेल्या सुताचे नेसवले. आता एक वस्तू तरी हिच्या मापाची असू दे. कुणाच्या राहिलेल्या जागेवर मी हिला बसवणार नाही.

विचार वाईट नव्हता. मुलांनो, हे ध्यानात ठेवा. या गोष्टीत कुणाचाच विचार वाईट नव्हता.

तो सुताराला म्हणाला, "माप घ्या."

सुताराने घोंगडी अंथरली. हौसा तिच्यावर बसली. सुताराने सुताने माप घेतले, गाठी मारल्या. मग तो म्हणाला, "संक्रांतीला गाडी दारात उभी करतो. एक मात्र सांगून ठेवतो. चाकावर लोखंडी धाव चढली, की मग मी गाडीत बदल करत नाही. धाव चढेपर्यंत गाडी लाकडाची असते, धाव चढली की ती वाटेची होते. काय सांगायचं ते त्याआधी सांगा."

परतताना हौसाने एकदा मागे वळून पिंगट गाडीकडे बघितले. पण नवऱ्याचा चेहरा इतका आनंदी होता, की ती काही बोलली नाही.

विणकर दर चार-दोन दिवसांनी सुताराकडे जाऊ लागला. एकदा त्याने बैठकीची फळी हाताने दाबून बघितली. "ही टणक आहे. हौसाची हाडं दुखतील. फळी काढा. मी सुंभाची विणलेली बैठक देतो." सुतार म्हणाला, "विणलेली बैठक हवी तर चौकट बदलावी लागेल." विणकर म्हणाला, "बदला."

पुढे कधीतरी त्याने खिंडीतली वाट चालून बघितली. खडे फार. त्याने सुताराला सांगितले, "चाकं मोठी हवीत. मोठ्या चाकाला धक्का कमी बसतो." सुताराने विचार केला आणि मान हलवली. "खरं आहे. पण मोठ्या चाकाला मधला तुंबाही मोठा लागतो. बाभळीचा नवा तुंबा पाण्यात मुरवावा लागेल."

"मुरवा."

संक्रांत आली. गाडी आली नाही. बाजाराला आलेला कासार दाराशी थांबला. म्हणाला, "आक्का विचारत होत्या, हौसा निघाली का? त्यांनी तिळाच्या वड्या करून ठेवल्या होत्या."

हौसा म्हणाली, "अहो, तेलीभावजींची गाडी आहे की."

तेली कुंपणापाशीच होता. तो म्हणाला, "चला वहिनी, आत्ता जुंपतो. दोन वैद्य मावतील एवढी जागा आहे."

विणकर म्हणाला, "तुझ्या गाडीला तेलाचा वास येतो."

"तेल्याच्या गाडीला मग कसला येणार, केवड्याचा?"

"आणि तुझे बैल जुवात वाकडे चालतात."

"वाकडे चालतात, दादा, पण पोचतात."

हौसा हसली. विणकर हसला नाही. तो म्हणाला, "जरा धीर धर गं. माहेरी जायचं तर मानानं जा. होळीपर्यंत तुझी गाडी येते."

हौसाने धीर धरला. बायकांना तो धरता येतो म्हणून आपण त्यांच्याकडे तो सारखा मागत असतो.

होळीच्या आधी विणकराच्या मनात आले, की खिंडीच्या माथ्यावरून हौसाचे तळे दिसते. गाडीला वरून छत हवे, म्हणजे ऊन लागणार नाही, आणि छताला तळ्याच्या बाजूला एक झरोका हवा, म्हणजे तिला निजल्या निजल्या बघता येईल. त्याने सुताराला ते सांगितले. सुताराच्या डोळ्यांत चमक आली. इतकी वर्षे तो गाड्या घडवत होता, पण इतक्या बारकाईने मागणारा माणूस त्याला भेटला नव्हता. तो म्हणाला, "झरोक्याला कमळाची नक्षी काढतो. तळं आहे ना तिकडं?"

"काढा," विणकर म्हणाला.

दोघे त्या गाडीभोवती फिरत, हात फिरवत, मागे सरून बघत. छपरीत पिंगट गाडी उभीच होती. तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

घरी हौसा दाराशी पथारी टाकून पडून असे. तिथून खिंड दिसे. कांड्या भरायला आता दुसरी बाई येई. तिच्या चरख्याच्या आवाजात विणकराला काही कळत नसे. दर बाजाराच्या दिवशी हौसा विचारी, "गाडीचं कुठवर आलं?" आणि तो आनंदाने सांगे. आज झरोका बसला, आज नक्षी झाली, आज बैठक विणून दिली. तो सांगत असताना ती त्याच्या बोटांकडे बघत राही. एकदा ती म्हणाली, "तुम्ही फार सुंदर करताय हो." आणि मग थोड्या वेळाने म्हणाली, "आक्काला आता झरोक्याची नक्षी दिसायची नाही."

विणकराने ते ऐकले. पण ऐकलेले सगळेच त्याच दिवशी कळते असे नाही.

उन्हाळा चढला. खिंडीवर दुपारचे ढग दिसू लागले. कासाराने सांगितले, "आक्का आता आवाजावरून माणूस ओळखतात."

मग एक बाजाराचा दिवस असा आला, की हौसाने काही विचारले नाही. विणकर वाट बघत राहिला. त्याच्याजवळ सांगायला चांगली बातमी होती. गाडी पुरी झाली होती, फक्त धाव चढायची राहिली होती. पण हौसा खिंडीकडे बघत पडून राहिली. तिने विचारलेच नाही.

तेव्हा विणकर घाबरला. तो उठला आणि सुताराकडे धावत गेला. "गाडी आज द्या."

सुतार म्हणाला, "आजच्या आज कशी देऊ? लोहार सकाळी भट्टी पेटवणार आहे. धाव तापवून चढवायची, पाण्यानं निववायची, चाकं आखावर बसवायची. परवा न्या. इतके दिवस थांबलात, आता दोन दिवसांनी काय होतंय?"

विणकराने गाडीकडे बघितले. बिनचाकाची ती गाडी ओंडक्यांवर टेकवलेली होती. झरोक्याची कमळे उन्हात चमकत होती. कठड्याला हौसाचे सूत बांधलेले होते. गाडी इतकी देखणी होती, की आणखी दोन दिवस थांबावे असे क्षणभर त्याच्याही मनात आले.

पण तो थांबला नाही. तिथून तो सरळ तेल्याच्या अंगणात गेला आणि उभा राहिला. तेल्याच्या गाडीच्या जुवाला त्याने हात लावला.

तेल्याने त्याच्याकडे बघितले. तोंडापर्यंत आलेली थट्टा त्याने गिळली. तो म्हणाला, "वहिनींना उचलून आणा. मी बैल जुंपतो. आणि गाडीत कडबा जास्त घालू या."

हौसाला गाडीत घातले. इतक्या रुंद बैठकीत ती लहान मुलीसारखी दिसू लागली. गाडी हलली आणि ती एका कडेला कलंडली. म्हणून विणकर वर चढला आणि तिच्या शेजारी बसला. तेल्याने कासरा धरला. जागा दोघांनाही पुरून उरली.

वाट खडबडीत होती. बैल वाकडे चालत होते. प्रत्येक धक्क्याला हौसाचे डोके नवऱ्याच्या खांद्यावर येई, आणि मग तिने ते तिथेच राहू दिले. लग्नाच्या वरातीनंतर ती दोघे अशी शेजारी कधी बसलीच नव्हती. तो नेहमी पुढे आणि ती नेहमी मागे. विणकराने मान वळवून बघितले. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. ते कधी झाले, हे त्याला माहीत नव्हते.

"दुखतंय का?" त्याने विचारले.

"नाही." मग ती हळूच म्हणाली, "बरं झालं हो, तो वैद्य एवढा जाडा होता."

पुढून तेली मोठ्याने हसला. मागे वळून मात्र बघितले नाही त्याने. खांद्याने डोळे पुसले.

माथ्यावर पोचले तेव्हा ऊन उतरणीला लागले होते. समोर खाली तळे होते, आणि तळ्याच्या काठी घरे.

हौसाने डोळे बारीक केले. "आक्काच्या घरातून धूर निघतोय," ती म्हणाली. "तिला दिसत नाही, तरी चूल पेटवतेच ती. ऐकायची नाही कुणाचं."

"आता उतारच आहे," विणकर म्हणाला. "पोचलोच आपण."

"जरा थांबू या. मला बघू दे."

तेल्याने बैल थांबवले. वारा येत होता. हौसा बघत राहिली. थोड्या वेळाने विणकराला खांद्यावरचे डोके जड लागले. आधी त्याला वाटले, तिला झोप लागली. त्याने तसेच बसून राहायचे ठरवले, तिची झोप मोडू नये म्हणून.

मग तेली मागे वळला. त्याने बघितले आणि डोक्यावरचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले.

विणकराने तिचे डोके खांद्यावर सावरले आणि तो म्हणाला, "खाली चल. तिला पोचवू या."

चाकांचा आवाज ऐकून आक्का दारात आली. हात पुढे करून ती अंदाजाने चालत होती. "हौसा आली का गं? किती वाट बघायला लावलीस!"

आक्काचे हात कठड्यापर्यंत आले, कठड्यावरून आत गेले आणि बहिणीच्या चेहऱ्यावर टेकले. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी. तिने तो चेहरा हळूहळू सगळा वाचला, आणि ओठांवर आल्यावर बोटे थांबली.

ती ओरडली नाही. तिने हौसाचा पदर सारखा केला आणि विचारले, "पाहुणे, कशातून आणलीत तिला?"

"शेजाऱ्याच्या गाडीतून, आक्का."

"नवी आहे का ही गाडी?"

"नाही. जुनीच आहे."

"म्हणजे ही संक्रांतीलाही होती."

आक्काने टोचून विचारले नव्हते. तिला फक्त समजून घ्यायचे होते. पण विणकराने त्यानंतर आयुष्यात पुष्कळ प्रश्न ऐकले, आणि त्यांतला एकही त्याला इतका जड गेला नाही. तो म्हणाला, "होती."

हौसाला तळ्याच्या काठी निरोप दिला. तेराव्यापर्यंतचे दिवस झाले. विणकर खिंड ओलांडून परत आला आणि त्याच्या मागे पाऊस येऊन वाट बंद झाली.

काही दिवसांनी तो सुताराच्या छपरीत गेला. गाडी उभी होती. चाकांवर धाव चढली होती. मोठी चाके, सुंभाची बैठक, छत, झरोका, कमळे. कुठे एक गाठ नाही, एक खरड नाही. सुतार खाली मान घालून बाजूला उभा राहिला.

विणकराने गाडीभोवती एक फेरी घातली. मग त्याने बैठकीवर हात ठेवला, एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत फिरवला आणि तो तसाच उभा राहिला.

"सुतारबाबा, हिच्यात ती बसली असती, तर मी कुठे बसलो असतो?"

सुतार म्हणाला, "पुढे. कासरा धरून."

"तिच्याकडे पाठ करून."

"तुम्ही माप एकाचंच दिलं होतंत, दादा."

"हो," विणकर म्हणाला. "मी तिचं सगळं मोजलं. तिच्या शेजारची जागा मोजली नाही."

पाऊस पडत होता. छपरीतल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीला कुणाचे ना कुणाचे सूत. विणकराने पिंगट गाडीकडे बघितले. तिच्या कठड्यावर, हौसाने हात ठेवला होता तिथे, धूळ बसली होती.

तो म्हणाला, "या नव्या गाडीची बैठक रुंद करून द्या. दोघं बसतील अशी."

"धाव चढली आहे," सुतार म्हणाला. "धाव चढल्यावर मी..."

आणि तो बोलायचा थांबला. त्याने छपरीच्या कोपऱ्यातून करवत आणली. ती हातात धरून तो म्हणाला, "त्या दिवशी बाई या पिंगट गाडीपाशी उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ही घेऊन जा, थांबू नका, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण तुमच्यासारखं गिऱ्हाईक मिळालं आणि मला माझ्याच हाताचं कौतुक वाटायला लागलं."

विणकराने कठड्याचे दुसरे टोक धरले. दोघांनी मिळून ती सुंदर गाडी कापली. कमळाची नक्षी मधोमध तुटली. सुताराने नवी चौकट घातली. विणकराने बैठक उसवून रुंद विणली. जुन्या आणि नव्या सुंभाचा जोड स्पष्ट दिसत होता. विणकराने तो झाकायचा प्रयत्न केला नाही.

"आता सूत?" सुताराने विचारले. "ओढ्यात टाकू?"

"नको. ते राहू दे. आणि गाडी छपरीत ठेवू नका. बाहेर, दाराशी उभी करा. ज्याच्या घरी थांबू न शकणारं माणूस असेल, त्यानं न विचारता न्यावी आणि काम झालं की आणून ठेवावी."

दसऱ्याला खिंड मोकळी झाली. तेल्याचे बैल जुंपून त्या गाडीतून पहिल्यांदा विणकर गेला, आक्काला आणायला. आक्का आली, चार दिवस राहिली, हौसाच्या पथारीवर दाराशी बसली. जाताना विणकर तिच्या शेजारी बसला आणि तेल्याने कासरा धरला.

पुढे त्या गाडीतून पुष्कळ जण गेले. अडलेल्या बाळंतिणी गेल्या, आजाऱ्यांना भेटायला लेक-जावई गेले, भांडून वेगळे झालेले दोन म्हातारे भाऊ एकमेकांच्या शेजारी बसून कुलदैवताला जाऊन आले. कुणालाच ती मापात बसत नसे. कुणाला सैल होई, कुणाला पाठ बुटकी पडे. तक्रार कुणी केली नाही.

आणि सुतारही बदलला. तो पुढेही गाड्या घडवत राहिला, मापाने घडवत राहिला, कारण मापाची गाडी ही चांगलीच गोष्ट आहे. पण कुणी माप द्यायला आले, की सूत हातात घेण्याआधी तो विचारी, "कुणाला न्यायचं आहे? ते माणूस थांबू शकतं का?" आणि नाही म्हणाले, की तो सूत खाली ठेवी आणि दाराकडे बोट दाखवी.

हौसाचे सूत कठड्याला तसेच होते. ते सोडायचा हक्क जिचा, ती येणार नव्हती, म्हणून कुणी त्याला हात लावला नाही. उन्हाने ते विटले, वाऱ्याने झिजले. एकदा गाडी परत आली तेव्हा ते नव्हते. कुठल्या वाटेवर, कुणाला पोचवताना ते गळून पडले, हे कुणालाच सांगता आले नाही. विणकराने कठड्याच्या त्या रिकाम्या जागेवर बोट फिरवले, आणि घरी जाऊन मागावर बसला.

तात्पर्य : वस्तू आपल्या मनासारखी होईपर्यंत थांबते, माणूस तोवर थांबेलच असे नाही.